फ्रॉइडचे शब्द आले, कान मागे राहिला

सिग्मंड फ्रॉइड या नावाभोवती आपल्याकडे दोन मते सुखाने नांदतात. एक असे, की या गृहस्थाला जिथे तिथे लैंगिकताच दिसली. दुसरे असे, की विज्ञानाने त्याला केव्हाच मोडीत काढले आणि आता तो साहित्याच्या प्राध्यापकांपुरता उरला. जरा आदराने बोलणारे म्हणतात, ते काही असो, अबोध मनाचा शोध त्याचाच. या तिन्ही मतांची खोड एकच आहे. ती फ्रॉइडचे सिद्धान्त तपासतात. तो रोज सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या उपचाराच्या खोलीत बसून काय करत होता, हे कुणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे: मनोविश्लेषणातली खरोखर नवी गोष्ट म्हणजे बोलण्या-ऐकण्याची एक व्यवस्था. एक माणूस मनात येईल ते न गाळता बोलतो आणि जाणकार म्हणून बसलेला दुसरा माणूस आपले ज्ञान आवरून ऐकतो. ही व्यवस्था बऱ्याच अंशी रुग्णांनीच, त्यातही तरुण स्त्रियांनी, डॉक्टरांच्या गळी उतरवली. विसाव्या शतकाच्या संस्कृतीने मात्र त्यातून भलतेच काही उचलले: दुसऱ्याच्या मनातले त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, हा आत्मविश्वास. फ्रॉइडचा प्रभाव अफाट आहे, पण तो त्याच्या अर्ध्याच कामाचा प्रभाव आहे, आणि हा अर्धा भाग कमी मोलाचा आहे.

१. अबोध मन आधीपासूनच चर्चेत होते

कार्ल गुस्ताव कारुस या जर्मन वैद्याने १८४६ मध्येच लिहून ठेवले होते, की जाणिवेच्या जीवनाची किल्ली अबोधात आहे. एदुआर्द फॉन हार्टमान याचे ‘अबोधाचे तत्त्वज्ञान’ १८६९ मध्ये निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. शोपेनहावर आणि नीत्शे यांनी इच्छेच्या आंधळ्या बळाविषयी जे लिहिले, ते व्हिएन्नातल्या सुशिक्षितांच्या बोलण्यात होते. फ्रान्समध्ये पिएर जाने १८८९ मध्येच विसरलेल्या धक्कादायक आठवणींचा हिस्टेरियाच्या लक्षणांशी संबंध जोडत होता. ही सगळी वंशावळ हेन्री एलेनबर्गरने १९७० मध्ये एका जाडजूड ग्रंथात मांडली. त्यानंतर ‘अबोधाचा शोध फ्रॉइडने लावला’ हे वाक्य जपूनच वापरायला हवे.

लैंगिकतेचेही तेच. क्राफ्ट-एबिंगचा लैंगिक विकृतींवरचा ग्रंथ १८८६ चा. गंमत म्हणजे १८९६ मध्ये फ्रॉइडने हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणीचे लैंगिक अत्याचार असल्याचे व्हिएन्नाच्या वैद्यसभेत मांडले, तेव्हा अध्यक्षस्थानी हाच क्राफ्ट-एबिंग होता आणि त्याने त्या मांडणीला शास्त्रीय परीकथा म्हणून वाटेला लावले. म्हणजे विषय नवा नव्हता. मग नवे काय होते?

२. डोळा आणि कान

हिस्टेरिया हा त्या काळचा बदनाम आजार. शरीरात काही बिघाड सापडत नाही, पण हात लुळा पडतो, वाचा जाते, दिसेनासे होते. डॉक्टर विजेचे झटके, गार पाण्याचे उपचार आणि सक्तीची विश्रांती यांच्यावर भागवत. अनेकजण रोग्याला सरळ ढोंगी ठरवत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को याने या आजाराला प्रतिष्ठा दिली. १८८५-८६ च्या हिवाळ्यात फ्रॉइड तिथेच शिकायला होता. पण शार्कोची पद्धत पाहण्याची होती. भरलेल्या सभागृहात रुग्ण स्त्रीला संमोहित करून झटके दाखवायचे, त्यांची छायाचित्रे काढायची, संग्रह छापायचे. त्या स्त्रिया बोलत, पण त्यांचे बोलणे नोंदवण्याजोगे आहे असे कुणाला वाटत नसे. शार्कोच्या अशाच एका प्रात्यक्षिकाचे ब्रुइयेने १८८७ मध्ये रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्याची छापील प्रत फ्रॉइडने आपल्या खोलीत लावली होती. चित्रात पुरुषांची गर्दी पाहते आहे. ते चित्र लावलेल्या खोलीत एक माणूस कोचाच्या मागे बसून नुसता ऐकतो आहे. वैद्यकाच्या इतिहासातले एक मोठे स्थित्यंतर त्या एका भिंतीपाशी दिसते.

हे स्थित्यंतर घडवले कुणी? डिसेंबर १८८० मध्ये व्हिएन्नातला नावाजलेला वैद्य योसेफ ब्रॉयर एकवीस वर्षांच्या बेर्टा पापेनहाइमवर उपचार करू लागला. वडील मृत्युशय्येवर, त्यांची शुश्रूषा करता करता ही आजारी पडली. उजवा हात लुळा पडला, जर्मन बोलता येईना, इंग्रजी मात्र येई. ब्रॉयरच्या वृत्तान्तात एक प्रसंग आहे. ऐन उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईना. पेला ओठाला लागला की ती तो दूर ढकली. सहा आठवडे ती फळांवर राहिली. मग एका संध्याकाळी, संमोहनावस्थेत, तिने आपल्या सोबतिणीबद्दल चिडून सांगितले, की तिचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना आपण पाहिला आणि सभ्यतेपोटी गप्प राहिलो. मनातला संताप ओकून झाल्यावर तिने पाणी मागितले आणि घटाघट प्यायली. या प्रकाराला ‘टॉकिंग क्युअर’ हे नाव तिनेच दिले, तेही इंग्रजीत. ब्रॉयरचे श्रेय हे, की तो रोज येत राहिला आणि ऐकत राहिला.

फ्रॉइडला दुसरा धडा १८८९ च्या सुमारास मिळाला. ‘एमी फॉन एन.’ या नावाने त्याने जिचा वृत्तान्त लिहिला त्या बाईंनी त्याला सुनावले, की हे कुठून आले, ते कुठून आले असे सारखे विचारू नका, मला जे सांगायचे आहे ते सांगू द्या. फ्रॉइडने हे छापून ठेवले आहे. तोवर तो संमोहन वापरत होता, आणि त्यात तो काही फार तरबेज नव्हता. मग त्याने कपाळावर हात दाबून ‘आता आठवेल’ असे सांगण्याचा प्रयोग केला. हळूहळू तोही सुटला. शेवटी उरला एक कोच, त्यावर इराणी गालिचा, डोक्यामागे डॉक्टरची खुर्ची आणि एक नियम: मनात येईल ते बोला, क्षुल्लक वाटो, वेडगळ वाटो, लाजिरवाणे वाटो, गाळू नका. आठवड्याचे सहा दिवस, रोज एक तास. डॉक्टर मागे का बसतो, याचे एक कारण फ्रॉइडने १९१३ मध्ये प्रांजळपणे दिले आहे: दिवसाचे आठ-आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहणे त्याला सोसत नसे.

नियम फक्त रुग्णाला नव्हता. १९१२ मध्ये फ्रॉइडने डॉक्टरांसाठीही सूचना लिहिल्या. ऐकताना टिपणे काढू नका. कशावरही मुद्दाम लक्ष एकवटू नका. कारण आपल्या अपेक्षेला जुळणारे तेवढेच निवडू लागलात, तर आधीच ठाऊक असलेल्याखेरीज दुसरे काहीच सापडणार नाही. या सूचनेत, माझ्या मते, फ्रॉइडच्या सर्व सिद्धान्तांहून अधिक शहाणपण आहे. जाणकाराने आपल्या जाणकारीवर घातलेला हा लगाम आहे. वकील, पोलीस, शिक्षक, कीर्तनकार, आईबाप, यांपैकी कोणाकडेही बोलणाऱ्याला ही मुभा नसते.

३. फ्रॉइड ऐकायचे थांबतो तेव्हा

माझी भूमिका फ्रॉइडभक्ताची नाही, आणि तिचा सर्वांत भक्कम पुरावा फ्रॉइडच्याच चुकांत आहे. जिथे तो या व्यवस्थेशी इमान राखतो तिथे काही हाती लागते. जिथे सिद्धान्त पुढे घुसवतो तिथे अनर्थ होतो.

१८९५ च्या सुरुवातीला त्याची रुग्ण एमा एकश्टाइन हिच्या नाकावर त्याचा बर्लिनचा मित्र विल्हेल्म फ्लीस याने शस्त्रक्रिया केली. नाक आणि जननेंद्रिये यांचा संबंध असतो, अशी फ्लीसची एक अचाट कल्पना होती. जखम चिघळली, रक्त थांबेना. दुसऱ्या शल्यवैद्याने पाहिले तेव्हा आत राहून गेलेली अर्धा मीटर जाळीची पट्टी निघाली. एमा मरता मरता वाचली. रक्त का वाहिले हे आंधळ्यालाही दिसावे. तरी पुढच्या वर्षी फ्रॉइड फ्लीसला लिहितो, की तो रक्तस्राव हिस्टेरियाचा होता, तळमळीतून आलेला. मित्राची लाज राखायला सिद्धान्त कामाला आला.

दुसरे उदाहरण ‘डोरा’चे. ऑक्टोबर १९०० मध्ये अठरा वर्षांच्या या मुलीला तिचे वडील घेऊन आले. वडिलांचे कुटुंबमित्र ‘क’ यांच्या पत्नीशी संबंध होते, आणि या ‘क’ने मुलीला आधी जबरदस्तीने जवळ ओढले होते, मग तळ्याकाठी तिच्याशी लगट केली होती. तिने त्याच्या थोबाडीत दिली. वडिलांनी घटना साफ नाकारली. मुलगी कल्पना करते म्हणाले. इथवर फ्रॉइडचे वागणे त्या काळाच्या पुढचे आहे: त्याने मुलीवर विश्वास ठेवला. पण पुढे त्याने हट्ट धरला, की तुझे मनोमन ‘क’वर प्रेम आहे. ती नाही म्हणाली की तो नकारच होकाराचा पुरावा ठरे. अकरा आठवड्यांनी, १९०० च्या शेवटच्या दिवशी, तिने शांतपणे सांगितले की आज शेवटची खेप. फ्रॉइडने हा वृत्तान्त १९०५ मध्ये छापला आणि मुलीच्या मनात आपण स्वतः कुणाच्या जागी उभे होतो हे आपल्याला वेळेवर कळले नाही, अशी कबुली जोडली. रुग्णाच्या उठून जाण्यातून ‘संक्रमण’ ही मनोविश्लेषणातली कळीची कल्पना पक्की झाली. म्हणजे इथेही शिकवणारी तीच.

सप्टेंबर १८९७ मध्ये फ्रॉइडने अत्याचाराचा आपला सिद्धान्त मागे घेतला. बालपणी अत्याचार होतातच, हे त्याने कधी नाकारले नाही. पण भर घटनेवरून कल्पनाविश्वावर सरकला आणि पुढच्या कित्येक विश्लेषकांना अविश्वासाचे एक सोयीस्कर साधन मिळाले. या साधनाने स्त्रियांचे आणि मुलांचे जे नुकसान केले, ते फ्रॉइडच्या खात्यावर मांडावेच लागेल.

४. संस्कृतीने काय उचलले

‘स्वप्नांचा अन्वयार्थ’ नोव्हेंबर १८९९ मध्ये छापून आले. मुखपृष्ठावर साल १९०० घातले होते. प्रती सहाशे. त्या खपायला आठ वर्षे लागली. तेव्हा युगप्रवर्तक ग्रंथाने जग हलवले वगैरे चित्र सोडून द्यावे. प्रभाव पसरला तो मध्यस्थांमार्फत, १९०९ मधल्या त्याच्या अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठातील व्याख्यानांनंतर, आणि मुख्यतः दुसऱ्यांच्या हातून.

त्यातला सर्वांत हुशार हात एडवर्ड बर्नेस याचा. हा फ्रॉइडचा भाचा. अमेरिकन टोबॅको कंपनीला बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढायला हवी होती. बर्नेसने न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ए. ए. ब्रिल यांचा सल्ला घेतला आणि ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, फिफ्थ अव्हेन्यूवर तरुणींना सिगारेटी पेटवून चालायला लावले. वर्तमानपत्रांसाठी शब्द तयार होता: स्वातंत्र्याच्या मशाली. मूळचा व्हिएन्नाचा, १९३८ मध्ये अमेरिकेत आलेला एर्न्स्ट डिश्टर तर गिऱ्हाइकांना तासभर मोकळेपणी बोलू देई. कान जसाच्या तसा वापरला, पण साबण आणि मोटारी विकण्यासाठी. आज जाहिरात वस्तूचे गुण सांगत नाही, आपल्या हौसेला आणि भीतीला हात घालते. ही रीत तिथून आली.

चित्रपटांचेही थोडक्यात सांगता येईल. हॉलिवूडच्या सॅम्युएल गोल्डविनने फ्रॉइडला प्रेमकथांवर सल्ला देण्यासाठी एक लाख डॉलर देऊ केले. फ्रॉइडने भेटही नाकारली. त्याच्या नकाराने काही अडले नाही. हिचकॉकच्या १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये साल्वादोर दालीने स्वप्न रंगवले, एक आठवण परत आली आणि रुग्ण बरा झाला. तेव्हापासून पडद्यावरचा प्रत्येक खुनी बालपणातला एकच प्रसंग घेऊन येतो.

कलावंतांनी मात्र खरा वारसा ओळखला असे मला वाटते. आंद्रे ब्रेतों पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या केंद्रात काम करत होता. तिथे त्याने मोकळ्या बोलण्याची पद्धत वापरून पाहिली आणि तिच्यातून स्वयंचलित लेखन निघाले. १९२४ च्या अतिवास्तववादी जाहीरनाम्यात फ्रॉइडचे ऋण मान्य केलेले आहे. मराठीत बा. सी. मर्ढेकरांच्या १९४२ मधल्या ‘रात्रीचा दिवस’ने संज्ञाप्रवाह आणला. त्याचे नाते थेट फ्रॉइडपेक्षा युरोपीय कादंबरीशी आहे, पण मन जसे घरंगळते तसे घरंगळू द्यावे, आपण अर्थ लादू नये, ही शिस्त त्याच घराण्यातली. हे लेखन वाचकप्रिय झाले नाही, यातही नवल नाही.

घराघरांत पोचली ती परिभाषा. न्यूनगंड हा शब्द आल्फ्रेड अ‍ॅडलरच्या विचारातला, आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणात वापरला जातो. अलीकडे ‘ट्रॉमा’, ‘नार्सिसिस्ट’, ‘डिनायल’ यांची भर पडली. एखाद्याला नार्सिसिस्ट म्हटले की त्याचे म्हणणे ऐकायची गरज उरत नाही, हाच त्या शब्दाचा खरा उपयोग. फ्रॉइडने हा धोका १९१० मध्येच ओळखला होता. एका तरुण डॉक्टरने चिंतेने त्रासलेल्या घटस्फोटित बाईला सांगून टाकले, की शरीरसुखाच्या अभावाने तुम्हाला हे होते. फ्रॉइडने त्याला रानटी विश्लेषण म्हटले. नुसते निदान ऐकवून मनोविकार बरा करू पाहणे म्हणजे दुष्काळात भुकेल्यांना भोजनाची यादी वाटणे, असे तो लिहितो. त्या तरुण डॉक्टरचे वंशज आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत.

५. आक्षेप

पहिला आक्षेप विज्ञानाचा. कार्ल पॉपर म्हणाला, की कोणत्याही वागणुकीचा अर्थ लावू शकणारा सिद्धान्त खोटा ठरवताच येत नाही. अडोल्फ ग्रुनबाउमने १९८४ मध्ये याहून टोकदार मुद्दा काढला: सिद्धान्त तपासता येतो, पण कोचावरचा पुरावा विश्लेषकाच्या सूचनांनी आधीच दूषित असतो. शिवाय बेर्टा पापेनहाइम ब्रॉयर आणि फ्रॉइडच्या १८९५ च्या पुस्तकात सांगितली तशी बरी झालीच नव्हती. जुलै १८८२ मध्ये तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगनच्या आरोग्यधामात ठेवावे लागले. हे सगळे मला मान्य आहे. मुलाला आईची ओढ आणि वडिलांशी स्पर्धा असते, हा फ्रॉइडचा इडिपस गंड उद्या संग्रहालयात गेला तर माझी तक्रार नाही. पण यातून व्यवस्था बाद होत नाही. संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा जनक आरन बेक हा फिलाडेल्फियातला प्रशिक्षित मनोविश्लेषक. कोचावरच्या रुग्णांचे बोलणे ऐकतानाच त्याच्या ध्यानात आले, की त्यांच्या मनात स्वतःला खाली खेचणारे विचार आपोआप चमकून जातात. फ्रॉइडचा सिद्धान्त सोडायला त्याला फ्रॉइडच्याच खोलीने शिकवले.

दुसरा आक्षेप मिशेल फूकोचा, १९७६ चा. त्याच्या मते ही खोली म्हणजे चर्चमधल्या पापनिवेदनाची नवी आवृत्ती, माणसाला बोलते करून ताब्यात ठेवणारी. यात तथ्य आहे, डोराचे प्रकरणच साक्षीला आहे. फरक एवढाच, की पाप काय याची यादी पाद्र्याकडे तयार असते, आणि विश्लेषकाने ती हातात धरू नये असा नियम आहे. नियम मोडला जातो, ही गोष्ट वेगळी. याविषयी स्वतः पापेनहाइमचे मत नोंदवलेले आहे. पुढे ती जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीची नेता झाली, १९०४ मध्ये तिने त्यांचा महासंघ स्थापला. मनोविश्लेषण हे डॉक्टरच्या हाती पाद्र्याकडच्या पापनिवेदनासारखेच, ती म्हणे. चांगले साधन की दुधारी तलवार, हे वापरणाऱ्यावर ठरते. फूकोने ग्रंथभर जे सांगितले ते रुग्ण क्रमांक एक आधीच सांगून गेली होती.

तिसरा आक्षेप आपला घरचा: योगसूत्रांत संस्कार आणि वासना आहेतच, मग फ्रॉइड कशाला? अबोधाच्या कल्पनेपुरते हे ठीक. पण आपल्या परंपरेत जाणणारा बोलतो आणि शिष्य ऐकतो. भगताकडे, ज्योतिषाकडे, महाराजांकडे माणूस दोन वाक्ये सांगतो आणि उरलेला वेळ तोडगा ऐकतो. उलटी मांडणी आपल्याकडे दुर्मीळ होती, आणि ती आली तेव्हा तिचे सोने करणारा माणूस कलकत्त्यात निघाला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. आपल्या बंगाली रुग्णांचे ऐकून त्यांनी फ्रॉइडला कळवले, की इडिपसची तुमची मांडणी इथे तशी लागू पडत नाही. इथल्या पुरुषांत स्त्री होण्याची इच्छा सहज वर येते. फ्रॉइडला ते पटले नाही. १९३१ मध्ये कलकत्त्याहून त्याला हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट गेली. ती त्याने मेजावर ठेवली, आणि व्हिएन्नाच्या हवेत तिला चिरा गेल्या. बोस यांनी पद्धत घेतली आणि सिद्धान्ताशी वाद घातला. आपल्या बहुतेकांनी याच्या नेमके उलट केले.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: रोज एक तास, तोही वर्षानुवर्षे, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग पाहिली, की हा प्रश्न टाळता येत नाही. तिथला डॉक्टर नाव, झोप, भूक विचारून गोळ्या लिहितो, कारण मागे आणखी माणसे उभी असतात. गोळ्या लागतातच. पण ऐकायला वेळ नाही, हे आपण वैद्यकीय सत्य मानून बसलो आहोत. तो अंदाजपत्रकाचा निर्णय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली, ते पाऊल योग्य दिशेने आहे आणि अपुरे आहे. सप्टेंबर १९१८ मध्ये, महायुद्ध संपायच्या आधीच, बुडापेस्टच्या परिषदेत फ्रॉइड म्हणाला होता, की गरिबाला शल्यवैद्याच्या मदतीइतकाच मनाच्या उपचाराचाही हक्क आहे आणि कधीतरी समाजाला तो विनामूल्य द्यावा लागेल. त्याच्या अनुयायांनी सरकारची वाट पाहिली नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनला आणि १९२२ मध्ये व्हिएन्नाला त्यांनी दवाखाने उघडले. बर्लिनचा बराचसा खर्च माक्स आयटिंगोनने पदरचा केला. युद्धात हरलेल्या, उपाशी शहरांतल्या त्या दवाखान्यांत, ज्याला पैसे देणे शक्य नव्हते त्याचेही बोलणे ऐकून घेतले जाई.